त्याच्या दारात गिग होती

लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशर परगण्यात, रॅडलेट नावाचं गाव आहे. २४ ऑक्टोबर १८२३ च्या रात्री त्या गावाजवळच्या एका अरुंद रस्त्यावर विल्यम वेअर नावाच्या माणसाचा खून झाला. वेअर हा पक्का जुगारी. मारेकरी जॉन थर्टेल हाही त्याच गोतावळ्यातला. नॉरिचच्या चांगल्या खात्यापित्या घरातला, पण मुष्टियुद्धं आणि पैजा यांच्या नादानं कर्जात बुडालेला. वेअरनं आपल्याला पत्त्यांत तीनशे पौंडांना बुडवलं, हा राग त्याच्या डोक्यात होता. दोन दिवस शिकारीला जाऊ म्हणून त्यानं वेअरला बोलावलं, भाड्याच्या गाडीत शेजारी बसवून घेतलं आणि मुक्कामाला पोचण्याआधीच त्याचा निकाल लावला.

इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना असा खून म्हणजे पर्वणी. खटला उभा राहण्याआधीच लंडनच्या सरे थिएटरात या प्रकरणावर नाटक लागलं आणि त्यात खुनाच्या रात्रीची तीच गाडी, तोच घोडा रंगमंचावर आणला गेला. जानेवारी १८२४ मध्ये हर्टफर्डला खटला चालला, थर्टेल दोषी ठरला आणि ९ तारखेला फासावर गेला. आपल्याला मात्र थर्टेलशी फारसं कर्तव्य नाही. आपल्याला हवा आहे तो या खटल्याच्या नावावर पुढं प्रसिद्धी पावलेला एक छोटासा सवालजबाब. साक्षीदाराला विचारलं गेलं, की मेलेला वेअर माणूस कसा होता? तो म्हणाला, रिस्पेक्टेबल होता. रिस्पेक्टेबल म्हणजे काय, असं वकिलानं खोदून विचारताच उत्तर आलं: त्याच्याकडे गिग होती.

गिग म्हणजे एका घोड्याची, दोन चाकांची, हलकी, उघडी गाडी. चालवणारा आणि शेजारी आणखी एक, एवढीच जागा. चार घोड्यांच्या बंद गाडीतून फिरणाऱ्या उमरावाला ती किरकोळ वाटायची, पायी चालणाऱ्या कारकुनाला मात्र स्वप्नवत. टॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकाच्या हाती हा सवालजबाब लागला आणि त्यानं तो पुढं कित्येक वर्षं सोडला नाही. ज्यांचा सगळा मोठेपणा दारातल्या गाडीवर टांगलेला, अशा लोकांना त्यानं ‘गिगमॅन’ हे नाव ठेवलं आणि त्यांच्या एकूण जमातीला ‘गिगमॅनिटी’. इंग्रजी वाचणारा सुशिक्षित वर्ग तेव्हापासून या साक्षीदाराला हसत आला आहे.

मला तो साक्षीदार प्रामाणिक वाटतो. शेजारच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे कोणाला दिसतं? दिसते ती गाडी. आणि हा शब्द मुळात दिसण्याचाच आहे. लॅटिन भाषेत ‘रेस्पिकेरे’ म्हणजे मागं वळून पाहणं. ज्याच्याकडे लोकांनी वळून पाहावं तो रिस्पेक्टेबल. तो मनानं कसा आहे याची हमी शब्दानं कधीच दिली नव्हती. ती आपण आपल्या पदरची घातली.

शब्दाची सोयरीक नीट लावायची तर त्याचे भाऊबंद पाहावे लागतात. इंग्रजीत ‘ऑनर’ हा प्रकार उमरावांचा, तलवारीचा. अपमान झाला की पहाटे मैदानात पिस्तुलं घेऊन उभं राहायचं, ही ऑनरची रीत. रिस्पेक्टेबल माणूस असलं काही करत नाही. तो शिंप्याचं बिल वेळेवर चुकतं करतो आणि कोणी बदनामी केलीच तर वकील गाठतो. दुसरा भाऊ ‘जेंटील’. हा फ्रेंचमधून आलेला, जेंटलमनच्या घराण्यातला. त्याचा भर चालीरीतींवर आणि हातांनी काम न करण्यावर. खिशात दमडी नसली तरी जेंटील राहता येतं. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘क्रॅनफर्ड’ (१८५३) या कादंबरीतल्या बायका तेच करतात: मेणबत्ती वाचवायची म्हणून अंधारात बसतील, पण गरिबीचा उच्चार करणार नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘जेंटील’ची टिंगल होऊ लागली आणि आज कोणाला जेंटील म्हटलं तर बहुधा चिमटाच काढलेला असतो.

‘रिस्पेक्टेबल’चं वेगळेपण हे, की तो जन्मानं मिळत नव्हता. तो कमवायचा होता. अठराव्या शतकात हा शब्द बऱ्यापैकी वरच्या मंडळींसाठी, आदरणीय या अर्थानं चालायचा. कारखानदारीच्या काळात तो एकेक मजला खाली उतरत दुकानदारांकडे, कारकुनांकडे आणि शेवटी गिरणीकामगारांच्या वस्तीत पोचला. त्याची खरी गोष्ट सुरू होते ती तिथं. कार्लाइलचा विनोद त्या वस्तीपर्यंत पोचत नाही, कारण गिगवाल्याची प्रतिष्ठा ही हौस होती आणि गिरणीकामगाराची प्रतिष्ठा हे भांडवल होतं.

मँचेस्टर, सॅलफर्ड, ॲश्टन या गावांतल्या कामगारांच्या घरांना अंगण नव्हतं. दार थेट फुटपाथवर उघडायचं आणि दाराला एक दगडी पायरी. ती पायरी घरातली बाई गुडघ्यांवर बसून घासायची. आधी पाणी आणि ब्रश, मग ओल्या पायरीच्या कडेनं एका मऊ दगडाची वडी सरळ रेषेत ओढायची. वाळल्यावर पांढरी, मळकट पिवळी किंवा तपकिरी अशी स्वच्छ किनार उमटायची. या वडीला म्हणायचे ‘डाँकी स्टोन’. दगडाचा चुरा, सिमेंट आणि ब्लीच पावडर यांचा लगदा करून ती पाडत. मँचेस्टरच्या एडवर्ड रीड कंपनीनं वडीवर गाढवाचा छाप मारला आणि नाव पडलं ते कायमचं. ॲश्टनच्या इलाय व्हॅली कंपनीच्या वडीवर सिंह होता, पण बायका तिलाही गाढवच म्हणत. वडी विकत घ्यावी लागत नसे. चिंध्या आणि हाडं गोळा करणारा फेरीवाला, आपल्या बोहारणीचा इंग्रज भाऊच म्हणा, जुनेर घेऊन त्याच्या बदल्यात ती द्यायचा. व्हॅलींचा कारखाना १९७९ पर्यंत चालू होता.

संध्याकाळपर्यंत त्या पायरीचं काय होणार हे सांगायला नको. गिरण्यांच्या धुराड्यांची काजळी, कामगारांचे बूट, वर तिथला बारमाही पाऊस. तरीही दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा गुडघ्यांवर. बाहेरून आलेल्या माणसाला हा निव्वळ वेडेपणा वाटे. गल्लीतल्या बायकांना मात्र त्या पायरीवरून आतल्या घराचा पत्ता लागे: नवरा पगार घरी आणतो की दारूच्या गुत्त्यात ठेवतो, बाई अंथरुणाला खिळली आहे का, भाडं थकलंय का. पायरी दोन दिवस काळी राहिली की कुजबुज सुरू.

कुजबुजीला पैशाची किंमत होती. सॅलफर्डच्या कामगारवस्तीत वाढलेल्या रॉबर्ट रॉबर्ट्‌स यांनी ‘द क्लासिक स्लम’ (१९७१) या पुस्तकात आपल्या आईच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं वर्णन केलं आहे. उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे ती माउली ठरवायची, आणि तिच्या वहीत नाव चढणं ही वस्तीत पत असल्याची खूण होती. संप झाला, गिरणी बंद पडली, नवरा आजारी पडला, तर आठवडाभर चूल पेटती राहणार की नाही हे त्या वहीवर अवलंबून. म्हणून तर सोमवारी रविवारचा सूट कागदात गुंडाळून गहाणवट्याकडे जायचा आणि शनिवारी पगार झाला की सुटून यायचा. रविवारी सूट अंगावर दिसला पाहिजे. बाकीचे दिवस तो कुठं आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही. कारण त्यांचाही तिथंच असायचा.

याहून मोठा खर्च मरणाचा. १८३२ चा शरीरशास्त्रविषयक कायदा झाल्यापासून वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात, मेलेल्या आणि कोणी ताब्यात न घेतलेल्या गरिबाचं प्रेत वैद्यकीय शाळेत चिरफाडीला जाऊ शकत असे. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, गरिबांसाठीचा नवा कायदा आला आणि मदत हवी तर वर्कहाउसमध्ये या, असं धोरण ठरलं. सार्वजनिक खर्चानं पुरलं जाणं ही त्यानंतर गरिबाला सर्वांत मोठी धास्ती होऊन बसली. प्रुडेन्शियल कंपनीनं ही धास्ती नेमकी ओळखली. १८५४ पासून तिनं आठवड्याला पेनी-दोन पेनी हप्त्याचे विमे सुरू केले. वसुलीचा माणूस घरोघर फिरायचा. मुलांचेही विमे उतरवले जात. त्यातून गैरप्रकार होऊ नयेत म्हणून १८७५ च्या कायद्यानं पाच वर्षांखालच्या मुलामागे सहा पौंड आणि दहा वर्षांखालच्या मुलामागे दहा पौंड अशी कमाल रक्कम ठरवून दिली.

या विम्यावर मध्यमवर्गीय समाजसेवकांचा फार राग. मूल उपाशी आणि आई त्याच्या अंत्यविधीचे हप्ते भरते, याला काय म्हणावं? मॉड पेंबर रीव्ह्‌ज आणि फेबियन या समाजवादी संस्थेतल्या त्यांच्या मैत्रिणींनी १९०९ पासून चार वर्षं लंडनच्या लँबेथ भागात आठवड्याला पौंडभर मिळवणाऱ्या कुटुंबांचे हिशेब अक्षरशः पेनी-पेनीनं लिहून काढले. १९१३ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात या पेनीची बाजू मांडलेली आहे. ती पेनी वाचवून कोणाचं पोट भरणार नव्हतं. पण घरात मृत्यू झाला आणि विमा नसला, तर कर्ज काढून अंत्यविधी करावा लागे, आणि ते फेडताना जिवंत मुलांचं अन्न तुटायचं. ही कुटुंबं दारुडी नव्हती, आळशी नव्हती. शब्दशः रिस्पेक्टेबल होती. तरी भागत नव्हतं, हेच रीव्ह्‌जबाईंना सरकारच्या कानांवर घालायचं होतं.

मोलकरणीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्याकडे पायरी नव्हती, कारण घरच नव्हतं. तिची सगळी प्रतिष्ठा एका कागदात. त्या कागदाला ‘कॅरेक्टर’ म्हणत: आधीच्या मालकिणीनं लिहून दिलेला वागणुकीचा दाखला. तो असल्याशिवाय नवी नोकरी मिळणं महाकर्मकठीण, आणि गंमत अशी, की तो देण्याचं कसलंही कायदेशीर बंधन मालकिणीवर नव्हतं. उलट खोटा दाखला देणाऱ्याला दंड करणारा कायदा १७९२ पासून होता. म्हणजे कॅरेक्टर मोलकरणीचं, पण ठेवायचं की मोडायचं हे बाईसाहेबांच्या लहरीवर. हिंदुस्थानात आलेल्या साहेबांनी हीच पद्धत इथं चालवली. खानसामे आणि आया अशा कागदांचा गठ्ठा जपून ठेवायचे. त्या कागदाला इंग्रजांनी ‘चिट’ म्हणायला सुरुवात केली. शब्द आपलाच, चिठ्ठी.

१८६७ साली ही सगळी धडपड थेट संसदेत पोचली. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्यानं शहरांतल्या कामगार कुटुंबप्रमुखांना मताधिकार दिला, आणि भाडेकरूंमध्येही वर्षाला दहा पौंड भाडं भरणाऱ्यांना. वाद रंगला तो रेषा कुठं ओढायची यावर. जॉन ब्राइट हे मताधिकार वाढवण्याच्या बाजूनं आयुष्यभर झगडलेले पुढारी. पण तळाशी उरणाऱ्या गाळाला मत नको, असं तेही म्हणाले आणि त्या लोकांना त्यांनी ‘रेसिड्यूअम’ हा रसायनशाळेतला शब्द वापरला. कष्टाळू, स्थिरस्थावर, भाडं भरणारा कामगार आत, बाकीचे बाहेर. पायरी घासणारीला अर्थातच मत नव्हतं. तिच्या पायरीच्या जोरावर ते तिच्या नवऱ्याला मिळालं.

मग ही रेषा कागदावर रंगवायलाच कोणीतरी घेतली. लिव्हरपूलचा जहाजमालक चार्ल्स बूथ यानं लंडनच्या गरिबीची पाहणी हाती घेतली आणि १८८९ पासून रस्त्यागणिक रंगवलेले नकाशे छापले. सात रंग: श्रीमंतांना पिवळा, सुखवस्तूंना लाल, मग गुलाबी, जांभळा, निळ्याच्या दोन छटा आणि सर्वांत खाली काळा. काळ्या रंगापुढच्या टीपेत गरिबी आणि गुन्हेगारी एकाच दमात उरकली आहे. बूथच्या माणसांनी पुढं बीटवरच्या पोलिसांबरोबर गल्लोगल्ली फिरून टिपणं केली. त्यांत काय आहे? फुटक्या काचांना लावलेली ठिगळं, पडदे, मुलांच्या पायांतले बूट, सताड उघडी दारं. माणसांशी बोलून काढलेले निष्कर्ष कमी, रस्त्यावरून दिसणारं जास्त. पाहणी विलक्षण मोलाची आहे यात शंका नाही. पण रंग ठरवण्याची तिची नजर सॅलफर्डच्या त्या कुजबुजणाऱ्या बायकांहून फार वेगळी नव्हती.

ज्याला या साऱ्या उठाठेवीतून बाहेर राहायचं होतं, त्याला बर्नार्ड शॉनं रंगमंचावर उभा केला. ‘पिग्मॅलियन’ (१९१३) मधला कचरेवाला ॲल्फ्रेड डूलिटल उघड सांगतो, की मी नालायक गरीब आहे आणि तसाच राहणार. लायक गरिबाइतकीच भूक मलाही लागते, मग मदत त्यालाच का? शॉनं त्याला शिक्षाही तशीच दिली. वर्षाला तीन हजार पौंडांचं उत्पन्न गळ्यात मारलं. बिचारा रिस्पेक्टेबल झाला आणि इतकी वर्षं बिनलग्नाच्या राहिलेल्या बाईबरोबर चर्चमध्ये उभं राहायची वेळ त्याच्यावर आली. मराठी प्रेक्षकाला हा माणूस अनोळखी नाही, पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आणलं, तेव्हा मंजुळेच्या बापाच्या रूपानं तो इथंही येऊन गेला.

आता आजचा वापर. इंग्रजीत हा शब्द हळूहळू कोमट झाला आहे. रिस्पेक्टेबल पगार म्हणजे बरा पगार. डोळे दिपवणारा नव्हे. संघानं रिस्पेक्टेबल धावसंख्या उभारली म्हणजे लाज राखली, जिंकेलच असं नाही. आपल्या क्रीडापानांनी ‘सन्मानजनक धावसंख्या’ हा शब्दप्रयोग उचलला तो याच अर्थानं; एरवी आठ बाद १४० मध्ये कसला आलाय सन्मान! माणसाबद्दल वापरताना तर जपूनच. आदर देणारा तो ‘रिस्पेक्टफुल’, ज्याला आदर मिळालेला आहे तो ‘रिस्पेक्टेड’, आणि आदर द्यायला हरकत नाही असा तो ‘रिस्पेक्टेबल’. शेवटच्या अर्थात एक परीक्षक दडलेला आहे. न्यायाधीश पानवाल्याला रिस्पेक्टेबल म्हणेल, पानवाला न्यायाधीशाला म्हणणार नाही. राजाला कोणीच म्हणत नाही. कोणाच्या तोंडावर हा शब्द वापरला तर स्तुती केल्याचं समाधान आपल्याला मिळेल, पण ऐकणाऱ्याला आपण त्याला उत्तीर्ण केल्यासारखं वाटेल. लग्नाच्या जाहिरातींतली ‘रिस्पेक्टेबल फॅमिली’ ही मात्र खास भारतीय इंग्रजी. तिथं तो शब्द घरंदाज, खानदानी, कर्ज नसलेली आणि पुष्कळदा अमुक जातीची, एवढं सगळं एकट्यानं वाहतो.

एका ठिकाणी हा शब्द आपल्याकडे अजून पूर्ण वजनानिशी वावरतो आहे, ते म्हणजे फौजदारी कायदा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०३ सांगत होतं, की झडती घेण्याआधी अधिकाऱ्यानं त्या भागातल्या दोन किंवा अधिक रिस्पेक्टेबल रहिवाशांना हजर राहायला बोलावावं. १९७३ च्या संहितेत हे कलम शंभराव्या क्रमांकावर गेलं आणि ‘इंडिपेंडंट’, म्हणजे त्रयस्थ, असा आणखी एक शब्द त्यात आला. नुसती प्रतिष्ठा पुरत नाही, तो कोणाच्या दावणीला बांधलेला नसावा, हे पाऊण शतकाच्या अनुभवानंतर कायद्याला सुचलं असावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दोन्ही शब्द कायम आहेत. कलमाचा क्रमांक योगायोगानं पुन्हा १०३. आणि यांपैकी एकाही कायद्यात रिस्पेक्टेबलची व्याख्या नाही.

आपण या माणसांना पंच म्हणतो. रात्री दोन वाजता पोलिसांना पंच लागतात तेव्हा रिक्षास्टँडवरचा चालक, नाहीतर चहाच्या टपरीवरचा पोऱ्या हाताशी असतो, आणि कायद्याच्या लेखी तोच त्या वस्तीचा रिस्पेक्टेबल रहिवासी होतो. पंचनाम्यात त्याचं नाव, वय, धंदा, राहणार अमुक, एवढंच लिहिलं जातं. चार-सहा वर्षांनी तो साक्षीला उभा राहतो तेव्हा बचावाचा वकील त्याचं उत्पन्न किंवा शिक्षण यात फारसा वेळ घालवत नाही. तो विचारतो: याआधी किती वेळा पंच झालात? पोलिसठाण्यापासून तुमची टपरी किती लांब? हवालदाराला ओळखता का? उत्तरं अडखळली की पंच ‘नेहमीचा’ ठरतो आणि झडतीत सापडलेल्या मालावर प्रश्नचिन्ह लागतं. या कटकटीपायी बंगल्यांत आणि सोसायट्यांत राहणारे, ज्यांना आपण सहज प्रतिष्ठित म्हणू, ते पंच म्हणून सही करायला सहसा पुढं येत नाहीत. वास्तविक लेखी बोलावणं आल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. तरीही दारावरची बेल वाजते, आणि साहेब घरी नाहीत असं आतून सांगितलं जातं.